वर्गणी घामाची

पावतीपुस्तक ही मराठी माणसाच्या चांगल्याच ओळखीची वस्तू आहे. गणपती असो, गावच्या मारुतीच्या देवळाचा कळस असो, मशिदीचा मिनार असो की चर्चचे गळके छप्पर असो. चार माणसे दारात उभी राहतात, त्यांतल्या एकाच्या काखेत पुस्तक असते, आणि घरातून कोणीतरी विचारते, ‘गेल्या वर्षी किती दिले होते हो?’ देवाचे घर बांधायचे तर माणसांच्या घरांतून गोळा करावे लागते, याला कोणताच धर्म अपवाद नाही. फरक पडतो तो कोणाकडून गोळा केले आणि कोणत्या रूपात, एवढ्यातच.

कोकणातल्या बेने इस्रायली मंडळींचे उदाहरण घ्या. तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे, म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले जाणारे हे मराठी बोलणारे ज्यू. शतकानुशतके त्यांना प्रार्थनेसाठी स्वतंत्र वास्तू नव्हती; घरातच प्रार्थना होई. त्यांचे मुंबईतले पहिले प्रार्थनामंदिर १७९६ साली उभे राहिले. ते उभारले समाजी हसाजी दिवेकर ऊर्फ सॅम्युअल इझिकिएल यांनी. दिवेकर कंपनी सरकारच्या फौजेत होते, टिपूच्या कैदेत सापडले होते आणि सुटून आले होते. सुटकेचा नवस त्यांनी असा फेडला, असे समाजात सांगतात. मुंबईच्या सॅम्युअल स्ट्रीटला नाव मिळाले ते त्यांचेच. पुण्यात १८६७ साली पूर्ण झालेले ‘लाल देऊळ’ही असेच एका माणसाच्या, म्हणजे डेव्हिड ससून यांच्या थैलीतून उभे राहिले. एकाची थैली सैल सुटली की इमारत भराभर चढते आणि देखणी होते, यात शंका नाही.

ज्या समाजात अशी थैलीच नसते त्याला मात्र मूठ उघडावी लागते. मिझोराममधल्या ख्रिस्ती मंडळ्यांत १९१० च्या सुमारास एक रीत सुरू झाली. घरातली बाई स्वयंपाकाला तांदूळ काढताना त्यातली एक मूठ वेगळ्या भांड्यात टाकते. आठवड्याचे जमलेले तांदूळ मंडळीकडे जातात, विकले जातात आणि त्या पैशावर चर्च, शाळा, दवाखाने चालतात. ही रीत अजून चालू आहे. आपल्याकडे तरी वेगळे काय घडले? पणजीत १९०८ साली सुरू झालेल्या शिक्षणसंस्थेचे नावच मुळी ‘मुष्टिफंड’. घरोघरच्या मूठमूठ तांदळावर तिथे मराठी शाळा उभी राहिली. त्याच साली तळेगावला अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाचा काच कारखाना निघाला, तोही लोकांच्या एकेका पैशातून. चर्चमध्ये सुगीच्या सणाला कोणी भोपळा आणतो, कोणी कोंबडी, कोणी शेतातली पहिली कणसे. उपासना संपली की अंगणात त्यांचा लिलाव होतो आणि दहा रुपयांचा भोपळा शंभराला जातो. घेणाऱ्याला ठाऊक असते की आपण भोपळा विकत घेत नाही, छपराचे एक कवेलू घेतो आहोत.

पण मूठही कशातून उघडायची? ज्या मुलखात पैशाचे चलनच नीट पोहोचले नव्हते, जिथला व्यवहार मीठ, तांदूळ आणि मोहाच्या फुलांत होत होता, तिथे पावतीपुस्तक घेऊन कोणाच्या दारात उभे राहायचे? हा प्रश्न डोक्यात घेऊनच हेमलकशाकडे पाहिले पाहिजे.

आलापल्लीच्या पुढे

आलापल्ली सोडली की जंगल दाट होत जाते. तिथून हेमलकसा सुमारे साठ किलोमीटर, आणि पुढे तीनेक किलोमीटरवर भामरागड. तिथे पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्या एकमेकींना मिळतात. नकाशावर हे अंतर म्हणजे काहीच नाही. पण १९७३ साली, जेव्हा हा सारा भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता आणि गडचिरोली जिल्हा जन्माला यायला नऊ वर्षे अवकाश होता, तेव्हा पावसाळा लागला की नदी-नाले भरत आणि हा मुलूख महिनोन् महिने जगापासून तुटून पडे. सिमेंटची गोणी असो की औषधाची पेटी, पावसाच्या आधी आत गेली तर गेली. नाही तर दिवाळीनंतर पाहू.

त्या वर्षीच्या २३ डिसेंबरला बाबा आमटे यांनी इथे लोकबिरादरी प्रकल्पाची सुरुवात केली. पुढच्या वर्षी डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे इथे राहायला आले. एक शस्त्रक्रियेचे पदव्युत्तर शिक्षण अर्ध्यावर सोडून आलेला, दुसरी भूलशास्त्राची डॉक्टर. लग्नाला जेमतेम दीडेक वर्ष झालेले. राहायला कुडाची झोपडी, आणि तिला दार नव्हते. दवाखाना म्हणजे झाडाखालची जागा. ही गोष्ट महाराष्ट्राला आता पाठ झाली आहे. पुस्तकांतून, भाषणांतून आणि २०१४ च्या चित्रपटातून घरोघर पोहोचली आहे. म्हणून ती पुन्हा सांगत बसत नाही. तिच्यातला एक धागा मात्र सहसा कोणी उचलत नाही. या इमारती बांधल्या कोणी?

लोकबिरादरी हा वरोऱ्याच्या महारोगी सेवा समितीचा प्रकल्प. ही समिती १९४९ सालची. आनंदवनाची सुरुवात सहा रुग्ण, चौदा रुपये आणि एक लंगडी गाय एवढ्या भांडवलावर झाली आणि १९५१ साली विनोबांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. तिथे जमलेली माणसे कोण होती? ज्यांना देवळाच्या पायरीवर बसून भीक मागता येत होती, पण पायरी चढून आत जाता येत नव्हते, अशी. कुष्ठरोगाने बोटे झडलेली, घरच्यांनी टाकलेली. बाबांचा दानावर राग होता. दान माणसाला बसवून ठेवते आणि काम त्याला उभे करते, हा त्यांचा हिशेब. त्या हिशेबाने या माणसांनी विहिरी खणल्या, शेती केली, भिंती रचल्या. एवढेच नव्हे, १९६४ साली त्यांनी बाहेरच्या धडधाकट मुलांसाठी महाविद्यालय उभारून दिले. ज्यांच्या हातचे पाणी कोणी पीत नव्हते त्यांनी बांधलेल्या वर्गात पंचक्रोशीतली पोरे शिकायला बसली.

हेमलकशाला जे कारागीर गेले ते या आनंदवनातले. रोगातून बरे झालेले गवंडी, सुतार, मजूर. म्हणजे या जागेची पहिली वर्गणी महाराष्ट्रातल्या सुखवस्तू मंडळींनी दिली नाही. ती समाजाने बाहेर फेकलेल्यांनी दिली, आणि समाज ज्यांच्यापर्यंत कधी पोहोचलाच नव्हता त्यांच्यासाठी दिली. कोणत्याही धर्माच्या मंदिराच्या पायात याहून पवित्र असे काही पुरले गेले असेल, असे मला वाटत नाही.

त्यानंतर आला परदेशी पैसा. स्विसएड या स्वित्झर्लंडच्या संस्थेच्या मदतीने १९७५ साली हेमलकशाला छोटा दवाखाना बांधता आला. महायुद्धानंतर युरोपातल्या होरपळलेल्या माणसांना हात देण्याच्या चळवळीतून ही संस्था निघाली होती. स्वित्झर्लंडचा हा धागा आमटे परिवाराच्या कामात आधीपासून होता, हेही सांगण्यासारखे आहे. पिएर सेरेसोल हे स्विस गृहस्थ युद्धाच्या कट्टर विरोधातले. त्यांनी १९२० साली फ्रान्समध्ये वर्दूनजवळ, तोफांनी जमीनदोस्त केलेले एक खेडे पुन्हा बांधायला काही स्वयंसेवक नेले. त्यांत जर्मनही होते. काल ज्यांनी घरे पाडली त्यांच्याच देशबांधवांनी आज ती बांधावीत, ही कल्पना. गावकऱ्यांना काही ती पचली नाही. काम अर्धवट सोडून मंडळींना निघावे लागले. पण त्यातूनच सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही संघटना उभी राहिली. बिहारच्या १९३४ च्या भूकंपानंतर सेरेसोल स्वतः तिथे घरे बांधायला आले होते. याच संघटनेचे देशोदेशीचे तरुण पन्नाशीच्या दशकात वरोऱ्याला आले आणि त्यांनी आनंदवनात रुग्णांसाठी इमारत बांधून दिली. शेजारच्या वरोऱ्यातले लोक वस्तीकडे फिरकायला कचरत होते त्या काळात परदेशातली गोरी पोरे तिथे विटा वाहत होती. ती पाहून गावाची भीड थोडी चेपली, असे म्हणतात. म्हणजे विटांनी एक काम केले आणि विटा वाहणाऱ्यांनी दुसरेच.

देव बिनघराचा, गाव गोटुलाचे

आता दुसऱ्या बाजूने पाहू. ज्यांच्यासाठी हे सारे चालले होते त्या माडिया माणसाला या इमारतींचे काय वाटले असेल?

माडियांचा देव, त्यांचा ‘पेन’, बहुधा झाडांच्या सावलीत, दगडाजवळ, जंगलाच्या कडेला असतो. त्याला शिखर लागत नाही की गाभारा लागत नाही. पक्क्या इमारतीशी या माणसांचा संबंध आलाच असेल तर तो नाक्याशी, कचेरीशी, पोलीस ठाण्याशी; आणि तिथून हात जोडून, पाठ वाकवून बाहेर पडायचे, एवढाच त्या इमारतींचा अनुभव. गावाची स्वतःची सार्वजनिक वास्तू एकच, गोटुल. पाहुणा आला तर तिथे उतरणार, तंटा झाला तर पंच तिथे बसणार, पोरे रात्री तिथेच जमणार. गोटुल बांधायला पावतीपुस्तक लागत नाही. कोणी लाकूड आणतो, कोणी बांबू, कोणी छपराला गवत, आणि सगळ्यांचे हात.

गोटुल बांधणे किती गंभीर गोष्ट असू शकते, हे धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या गोंड गावाने दाखवून दिले. ऐंशीच्या दशकात गावाने ठरवले की मोडकळीला आलेली गोटुलाची रीत पुन्हा उभी करायची. रीतीप्रमाणे सागवान जंगलातून आणले आणि गोटुल बांधले. वनखात्याच्या लेखी हा गुन्हा. पोलिसांचा ताफा घेऊन खाते आले, गोटुल उतरवले आणि लाकूड घेऊन गेले. गाव दबेल, असा अंदाज असावा. झाले उलटेच. आजूबाजूच्या गावांनी एकत्र बसून ठरवले की आता आपल्याही गावात गोटुल बांधायचे. एक गोटुल उतरवता येते. गावोगाव किती उतरवणार? खात्याने नाद सोडला.

मला ही हकिगत एखाद्या संतचरित्रातल्या प्रसंगासारखी वाटते, फक्त यात चमत्कार नाही, बैठका आहेत. मेंढ्यात निर्णय सर्वसहमतीने होतात. एक माणूस जरी अडला तरी गाव थांबते. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारख्या कार्यकर्त्यांची नावे पुढे सर्वत्र गेली, पण मुळाशी आहे ती ही रात्र-रात्र चालणारी बैठक. गोटुलापासून सुरू झालेली ती वाट पुढे कुठवर गेली पाहा. वनहक्क कायद्याखाली २००९ साली सामूहिक वनहक्क मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांत मेंढा-लेखा होते, आणि २०११ च्या एप्रिलमध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. ज्या जंगलातले चार वासे नेले म्हणून पोलीस आले, त्याच जंगलाचा बांबू विकून गावाच्या खात्यात पैसा जमा झाला.

याच तालुक्याच्या परिसरात, चातगावजवळ, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचे शोधग्राम आहे. तिथल्या दवाखान्याची कथाही याच जातीची. आदिवासी दवाखान्यात का येत नाहीत, हे त्यांनी आदिवासींनाच विचारले. मोठ्या इमारतीची भीती वाटते, रुग्णाला एकटे ठेवून घरच्यांना बाहेर काढतात, आपला देव तिथे नसतो, अशी उत्तरे आली. मग दवाखाना झोपड्यांचा झाला, आदिवासी पाड्यासारखा, नातेवाइकांना रुग्णाजवळ राहता येईल असा. दाराशी देवी आली आणि दवाखान्याला नाव मिळाले ‘माँ दंतेश्वरी’. आता दरवर्षी देवीच्या निमित्ताने गावे जमतात आणि त्याच मांडवात आरोग्याचे प्रश्न मांडतात. शहरातल्या वास्तुविशारदाने कितीही नकाशे काढले असते तरी ही खोली त्यात आली नसती.

विश्वासाची रोकड

हेमलकशाला देवी नव्हती. तिथे विश्वास फार सावकाश जमा झाला. सुरुवातीला रुग्ण येतच नसत. डॉक्टर माडिया शिकले. पुस्तक नाही, कोश नाही, बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून एकेक शब्द टिपून घ्यायचा. आजारी माणूस आधी पुजाऱ्याकडे जाई आणि सारे उपाय हरल्यावर, इलाज जवळजवळ संपल्यावर, इकडे आणला जाई. अस्वलाने चेहरा फाडलेली माणसे येत. कंदिलाच्या उजेडात टाके घालावे लागत. त्यांतला एक बरा होऊन चालत गावी गेला की त्या गावाहून पुढचे दोन येत. वर्गणी म्हणायची तर ही. बँकेच्या खात्यावर ती दिसत नाही, पण १९७५ चा दवाखाना रिकामा पडला नाही तो तिच्यामुळे. स्विस पैशाने भिंती झाल्या. त्यांच्या आत माणसे आणली ती बऱ्या होऊन परतलेल्या रुग्णांनी.

आणखी एक घर तिथे बांधावे लागले, जे कोणाच्याही योजनेत नव्हते. शिकार करून परतणारे माडिया वाटेत भेटले. बांबूला मेलेली माकडीण टांगलेली आणि तिच्या छातीला जिवंत पिलू बिलगलेले. प्रकाश आमट्यांनी तांदळाच्या बदल्यात ते पिलू मागून घेतले. माडियांनाही नवल वाटले असेल. पोटासाठी मारणारा माणूस समजतो, पाळण्यासाठी विकत घेणारा कसा समजणार? मग अस्वलाची पिल्ले आली, बिबटे आले, साप आले. प्राण्यांच्या या अनाथालयातूनच विलास मनोहर यांचे ‘नेगल’ जन्माला आले. मनोहर स्वतः इथेच कार्यकर्ते म्हणून राहिले. इथे आश्रयाचा मोबदला तांदळात दिला गेला, हे लक्षात घेतले म्हणजे मिझो बाईच्या भांड्यातली मूठ फार दूरची वाटत नाही.

शाळा १९७६ ची, निवासी. ज्या घरांत अक्षर नव्हते त्या घरांतली पोरे तिथे शिकली आणि पुढे डॉक्टर झाली, शिक्षक झाली, वनखात्यात आणि पोलिसांतही गेली.

बाहेरच्या जगाने हेमलकसा उशिरा पाहिले. मोनॅको या चिमुकल्या देशाने १९९५ साली आमटे दांपत्यावर टपाल तिकीट काढले, २००२ साली पद्मश्री आली, २००८ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यानंतर देणग्यांचा ओघ आणि पाहुण्यांच्या गाड्या, दोन्ही वाढले. इथे एक कडू गोष्ट सांगितलीच पाहिजे, आणि ती फक्त हेमलकशाची नाही. महाराष्ट्रातल्या कोणत्याही देवळाच्या विश्वस्ताला, चर्चच्या खजिनदाराला विचारा. इमारतीसाठी पैसा मिळतो. त्यावर नावाची पाटी लागते, फीत कापता येते, छायाचित्र निघते. पण त्याच इमारतीतल्या परिचारिकेच्या पगाराला, सलाइनच्या बाटल्यांना, पावसाळ्यापूर्वी छपरावर घालायच्या डांबराला कोणी पाटी मागत नाही, म्हणून पैसाही देत नाही. नवे मंदिर बांधणारे शंभर असतात. जुन्याची गळती काढणारा एखादाच. आपण घरचे लोकसुद्धा देणगी देताना ‘बांधकामासाठी’ असे आवर्जून लिहितो. एकदा ‘साबण, फिनेल आणि विजेच्या बिलासाठी’ असे लिहून पाहायला हरकत नाही.

चर्चच्या जुन्या मंडळ्यांना हा हिशेब आपल्यापेक्षा चांगला कळतो. नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा पंथ एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली, तेव्हा परदेशी मिशनांच्या पैशाचे युग सरत आले होते. गावोगावच्या छोट्या मंडळ्यांना पाळकाचा पगार आणि चर्चची डागडुजी आपल्या खिशातून करण्याची सवय लावून घ्यावी लागली. काही ठिकाणी जमले, काही ठिकाणी मोठमोठ्या दगडी वास्तू पन्नास माणसांच्या अंगावर पडल्या. इंग्रजाच्या मापाने बांधलेले चर्च भूमिहीन शेतमजुरांच्या वर्गणीवर रंगवायचे म्हणजे काय, हे तिथल्या खजिनदारालाच ठाऊक.

गडचिरोलीत सध्या जे घडते आहे ते म्हणूनच बारकाईने पाहण्यासारखे आहे. वनहक्क मिळालेल्या ग्रामसभा स्वतः तेंदू आणि बांबूचा व्यवहार करू लागल्या आहेत. पन्नास वर्षांपूर्वी ज्या मुलखात नोट वटवायची पंचाईत होती, तिथे आता गावाच्या नावाने बँकेत खाते आहे आणि त्यावर कोणाची सही चालेल यावर गोटुलात वाद होतो. तो पैसा कशावर घालायचा, गावच्या विहिरीवर, पोरांच्या शिक्षणावर, की नव्याने शिरकाव करू पाहणाऱ्या सिमेंटच्या देवळावर, हे आता बाहेरच्या कोणी ठरवायचे नाही. बाहेरून आलेल्या कोणत्याही संस्थेसमोर, मग ती कितीही प्रेमाची असो, यापुढे हात पुढे करणारा आदिवासी नसेल. हिशेब मागणारा असेल. ते अवघड जाईल, पण बिरादरी या शब्दात ते गृहीतच होते.

हेमलकशात दुसरी पिढी कधीच कामाला लागली आहे. डॉ. दिगंत आणि डॉ. अनघा दवाखाना पाहतात, अनिकेत आणि समीक्षा शाळा व इतर व्याप सांभाळतात. शाळेत शिकून गेलेली काही मुले कामाला परत आली आहेत. रुग्ण अजूनही एकटा येत नाही. त्याच्याबरोबर बायको असते, भाऊ असतो, कडेवरचे पोर असते, कधी कोंबडीही असते. गाठोड्यात तांदूळ आणि भांडी. आवारातल्या झाडाखाली तीन दगडांची चूल मांडली जाते, आणि शेजारच्या चुलीवरच्या बाईला कमी पडले तर एक मूठ तिकडे जाते.